शरयूचं खातं बंद करताना

"सगळं बंद करा, सर. एकही उघडं ठेवू नका," शरयू म्हणाली आणि खुर्ची ओढून अवधूतच्या टेबलापाशी बसली.

जालन्याच्या त्या बियाणे कंपनीत कोणाला कुठल्या सिस्टीममध्ये शिरू द्यायचं, हे अवधूत बघायचा. माणूस रुजू झाला की त्याचा आयडी उघडायचा, सोडून गेला की बंद करायचा. गडी नियमाला भलताच कडक. मालकाच्या भाच्यानं एकदा दुसऱ्याचा पासवर्ड वापरला, तर यानं त्याचंही खातं गोठवलं होतं. पण आज याच गड्याचा हात माऊसवर जड झाला होता. तीन वर्षं झाली, शरयूवर त्याचा जीव जडला होता, आणि पठ्ठ्यानं तिच्यापुढं चकार शब्द काढला नव्हता!

शरयू अकाउंट्समध्ये होती. कंपनीची सगळी पेमेंट तिच्या लॉगिनवरून सुटायची. गेल्या महिन्यात तिनं राजीनामा दिला आणि ऑफिसात एकच चर्चा झाली.

"लग्न करून राह्यली ती," तिच्या शेजारी बसणाऱ्या गिरिधरनं अवधूतला सांगितलं होतं. "पुण्याचा असंल पोरगा. मोठा इंजिनिअर वगैरे." गिरिधरला काय, जिभेला हाड नाही. पण अवधूतची त्या दिवसापासून झोप उडाली.

त्यानं तिची मेल बंद केली. मग गेटचं कार्ड. प्रत्येक क्लिक तो होईल तेवढं लांबवत होता, आणि ही बाई मात्र खुशीत पाय हलवत बसलेली.

"झालं," तो म्हणाला.

"पेमेंटचं राह्यलं, सर."

तिनं बराबर पकडलं. ते त्यानं मुद्दामच ठेवलं होतं. चुकून राहिलं म्हणून उद्या तिला फोन तरी करता आला असता. जन्मात पहिल्यांदा लबाडी करायला गेला, तीही धड जमली नाही.

"एवढी कसली घाई?" तो चिडलाच. "अन् लग्न ठरलं म्हणून नोकरी सोडायची? असा कसला नवरा तो?"

"सोडली कुठं? सोमवारपासून दुसऱ्या कंपनीत चाललेय. हितं राहून लग्न जमलं नसतं."

"का? त्याला आमच्या कंपनीचं वावडं हाय का?"

"त्याचा काय दोष? त्याला तर मी अजून विचारलंच न्हाई."

अवधूतनं माऊस बाजूला सारला. "न विचारता राजीनामा दिला? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"बिलकुल हाय. माणूस चांगला हाय तो, फक्त तोंड उघडत न्हाई. तुम्ही बंद करा जल्दी."

काय करतो बिचारा! त्यानं दात आवळून शेवटचं क्लिक केलं. शरयूनं वाकून स्क्रीनवर नीट पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू मावेना.

"अ‍ॅक्सेस देणारा अन् पेमेंट सोडणारी एका घरातले चालत न्हाईत, हा नियम तुम्हीच केला ना, सर? मंग आता सांगा, आईला घेऊन आमच्या घरी कधी येताय?"