तिरकी नजर

"अहो, तिला काहीतरी विचारा की! तीन महिने झाले, पोरगी पाण्यात बोटसुद्धा बुडवत नाही," हानिसा नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. जन्मभर बुड्या मारून लाउदाचे कान अधू झाले होते. त्यामुळे तिची कुजबुज होडीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मिन्तीलाही स्पष्ट ऐकू गेली.

मिन्ती त्यांची लेक. नवरा दर्यात बुडाला तेव्हापासून, घर पाण्यातल्या खांबांवर असूनही, तिनं पाण्याला पाय लावला नव्हता. आज काय मनात आलं कोण जाणे, आपणहून होडीत येऊन बसली होती.

"विचारलं की पळतात," लाउदा म्हणाला. "माशाकडं सरळ बघायचं नसतं."

"लग्नाआधी माझ्याकडंही असंच तिरकं बघायचात. मला वाटलं, माणूस चकणाच आहे."

मिन्तीच्या ओठांचा कोपरा हलला. ते न दिसल्यासारखं करून लाउदानं पाण्याखाली बघायचा लाकडी चष्मा चढवला आणि भाला घेऊन पाण्यात शिरला.

आम्ही बजाऊ, दर्यावरच जगणारी माणसं, शिकारीला पोहत नाही, तळावरून चालतो. पोहलं की पाणी माशाकडे चुगली करतं. लाउदा वाळूत एकेक पाऊल अलगद ठेवत निघाला. कपारीच्या तोंडाशी मोठा हेकरू मासा होता, घराला तीन दिवस पुरेल एवढा. शेजारच्या पोवळ्याकडे बघत बघत लाउदा माशापासून हातभर अंतरावर आला.

तेवढ्यात मागे वाळू हलली. डोळ्याच्या कडेला त्याला दोन पावलं दिसली. त्यानंच लेकीला लहानपणी शिकवलं होतं तशी, आधी चवडा, मग टाच.

वळून पोरीला जवळ घ्यावं असं त्याला फार वाटलं. पण तो वळला नाही, भालाही मारला नाही. पावलं शेजारी येऊन थांबेपर्यंत, श्वास संपत आला तरी, तो पोवळ्याकडेच बघत राहिला. हेकरू आरामात निघून गेला.

"हाताशी आलेला मासा सोडलात?" होडीतून हेकरूवरच डोळे लावून बसलेली हानिसा त्याचं डोकं वर येताच कडाडली.

"दोन होते," लाउदा धापा टाकत म्हणाला. "एकाला मारलं असतं, तर दुसरं पळालं असतं."

त्याच्यामागून मिन्तीचं ओलं डोकं वर आलं. हानिसानं दूरच्या ढगाकडे बघत अंगाला गुंडाळायचं कोरडं सारोंग हळूच लेकीच्या बाजूला धरलं.