नाचण्याचे टोस्ट

झाकणावरचे निखारे देवाप्पांनी चिमट्याने बाजूला सारले आणि पातेलं उघडलं. आत तापलेली वाळू, वाळूवर तिवई, तिवईवर ताटलीत नाचण्याच्या पिठाची लांबट वडी. गॅसचा नंबर अजून लागला नव्हता. बेकरीत पीठ नेऊन दिलं की भाजून मिळायचं, पण तिथं पत्र्यांना आधी मैदा फासतात.

कृती वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातली. पुस्तकात नाव बिस्कोटी असं होतं. घरात टोस्ट म्हणत. मैद्याच्या जागी देवाप्पांनी नाचणा आणि तांदूळ घेतला होता, बदामांच्या जागी शेंगदाणे. मैदा नसल्यामुळे वडी धरून राहत नव्हती. सुरी लावली की कड ढासळायची, आणि दर वेळी त्यांना वाटायचं, आपण पुस्तक नीट वाचलेलं नाही.

"आप्पा, जरा निवू द्या की," शालू म्हणाली. पीठ तिनं घरच्या जात्यावर दळलं होतं. गिरणीत गव्हावर दळतात, आणि तेवढा गहूसुद्धा तिला चालत नव्हता. लग्न पुढच्या पंधरवड्यात होतं. हा डबा तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या खाली जायचा होता. सासरी यातलं काही ठाऊक नव्हतं. शालूच्या आईनं, शेवंताबाईंनी, तसं ठरवलं होतं.

"एकदा पोरगी रुळली की सांगू."

"आनि तवर?" देवाप्पांनी विचारलं.

"तवर डबा हाय की."

तेवढ्यात दारातून हाक आली. शालूच्या होणाऱ्या सासूबाई, अंबुबाई, निपाणीकडून बेळगावात साड्या घ्यायला आल्या होत्या. बाजार उरकून सरळ खासबागेतल्या या घरी आल्या आणि सरळ स्वैपाकघरात.

"अगंबाई! पावनं, तुमी चुलीम्होरं? आमच्यात बापयगड्यानं चहा टाकला तर बगाय गल्ली गोळा हुती."

शेवंताबाई गरजेपेक्षा जास्त हसल्या. "नाद हाय त्यास्नी. पुस्तकात वाचत्यात आन् माजी भांडी काळी करत्यात."

अंबुबाईंनी मोडलेला तुकडा उचलून तोंडात टाकला. "कशाचं हाय?"

"नाचण्याचं," देवाप्पा म्हणाले. "अजून एकदा भाजायचं हाय."

"भाजलेलं आनि का भाजायचं?"

"म्हंजे टिकतंय."

"आत्ताच दात मागाय लागलंय. पर चव बरी हाय." त्यांनी पिशवी सोडली. खण, नारळ, फडक्यात बांधलेला ओटीचा गहू, डब्यात पुरणपोळ्या. "आमच्या रानातला खपली हाय. पोळ्या बी त्येच्याच. बस गं शालू पाटावर. आदी तोंड गोड कर, मग ओटी भरते."

त्यांनी पोळीचा घास मोडला आणि शालूच्या तोंडासमोर धरला. शालूनं आईकडं पाहिलं.

"खा की गं," शेवंताबाई म्हणाल्या. "घासभरानं काय हुतंय?"

घासभरानं काय होतं हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. शालूनं तोंड उघडलं.

"नको," देवाप्पा म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "नको. तिला गहू चालत न्हाई."

"का? उपास हाय?"

"न्हाई. कवाच चालत न्हाई. मिरजेच्या डाक्टरांनी बंद केलाय, जन्माचा. घासभर जरी पोटात गेला तरी आठवडा अंथरुणात जातोय. हे टोस्ट तिच्यासाठीच हायत." पुढची वाक्यं त्यांनी मनात कितीदा तरी जुळवली होती. बाकी पोरगी धडधाकट आहे, कामाला वाघ आहे, भात-भाकरी सगळं खाते. त्यातलं एकही आलं नाही. "आमी लपवनार हुतो," एवढंच आलं.

शेवंताबाईंनी डोळे मिटून घेतले.

अंबुबाईंनी घास डब्यात ठेवला. "आनि मी तिला रोज चपात्या घातल्या असत्या," त्या म्हणाल्या. "नको म्हनली तर नखरं करती म्हनून बोलले असते. बाळंतपनात गव्हाची खीर पाजली असती."

अंबुबाईंनी डबा पिशवीत घातला. फडकं सुटून गव्हाचे चार दाणे पाटाजवळ सांडले होते. ते त्यांनी वेचले, फडक्यात टाकले, गाठ मारली. तेही पिशवीत गेलं. शालू पाटावर तशीच बसून होती. तिला ऊठ असं कुणी म्हणालं नव्हतं.

"मोरी कुठं हाय?" अंबुबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या मागं गेल्या. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. देवाप्पा वडीच्या फोडी कापून ताटलीत मांडू लागले. एक मोडली. पातेलं उघडंच होतं आणि वाळू निवत चालली होती.

अंबुबाई परत आल्या तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत ओले होते. खण आणि नारळ त्यांनी पाटावर, शालूच्या शेजारी ठेवला.

"ईनबाई, तुमच्या बेळगावाकडं ओटी तांदळानं भरत्यात न्हवं?"

शेवंताबाईंना कळायला वेळ लागला. "व्हय," त्या म्हणाल्या. "तांदळानंच."

"मग आना की. बगत काय बसलासा? आनि पावनं, तुमचं निखारं इझाय लागल्यात."

शेवंताबाईंनी सूप भरून तांदूळ आणले. शालूनं पदर पसरला. अंबुबाईंचे हात अजून ओलेच होते. ओंजळ रिकामी केली तरी दाणे तळव्यांना चिकटून राहत होते, आणि त्या ते एकेक करून शालूच्या पदरात सोडत होत्या.