ओली पट्टी

“रडलात?” डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

“घाम आहे तो,” मालकीणबाई म्हणाल्या. “मी रडणार? नवरा गेला तेव्हा नाही रडले.”

“घाम आतून येत नाही, आजी. ताजं ऑपरेशन आहे. पुन्हा पट्टी भिजवलीत तर मला विचारायचं नाही.”

सून शेजारीच उभी होती. तिच्यादेखत ऐकून घ्यावं लागलं, म्हणून मालकीणबाईंचे कान तापले. उभ्या हयातीत शिवणाच्या कारखान्यात वीस बायकांना धाकात ठेवलेली बाई, आणि रडली कुणासाठी, तर पुस्तकातल्या कुणा पोरीसाठी! जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं त्यांना.

दोन्ही डोळे बांधलेले, तशा डोळ्यांनी कारखाना बघता येत नाही, म्हणून सुनेनं वाचनालयातून जाडजूड कादंबरी आणली होती. दुपारी ती उशाशी बसून वाचायची. सुरुवातीला नुसते दरोडेखोर होते. मग एके दिवशी दरोडेखोर गेले आणि एका पाववाल्याच्या घरातली सून आली. लिहिणाऱ्याचा काय नेम! मालकीणबाईंनी हरकत घेतली नाही.

त्यांची स्वतःची सून मात्र खंबीर. बाप गेल्याचा निरोप आला तेव्हाही गणवेशांचं काम हातावेगळं करून मगच निघाली. डोळ्यांत टिपूस नाही. “तेवढा एक गुण माझा उचलला,” असं त्या शेजारपाजारी कौतुकानं सांगत.

खोड एकच. मोरीत गेली की नळ धो-धो.

“पाणी काय तुझ्या माहेराहून येतं गं?” घरी पोचल्यावर पलंगावर टेकत त्या आजही म्हणाल्या. “बरं, घे ते पुस्तक. कालचंच वाच परत. आज बघते कशी रडते मी.”

“नको आई. डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टर गेला खड्ड्यात. वाच.”

पानं उलटल्याचा आवाज झाला. सून हळू आवाजात वाचू लागली. पोरीचा बाप वारल्याचा निरोप आला. सासू म्हणाली, गेलेला माणूस आता कुठे जात नाही, गिऱ्हाईक मात्र जाईल. पोरीनं कणीक मळली, भट्टी लावली, शेवटचा पाव निघेपर्यंत उभी राहिली. माहेरच्या गल्लीत शिरली तेव्हा माणसं परत फिरत होती. बापाचं तोंड दिसलं नाही.

“सटवी!” मालकीणबाई कडाडल्या. “सासू आहे का कसाई? पाव काय उद्या भाजता येत नाहीत? असल्या बाईला त्याच भट्टीत घालावं!” आणि आवाज फुटला. त्यांनी घाईघाईनं तोंड भिंतीकडे वळवलं.

सुनेनं पुस्तक मिटल्याचा आवाज झाला.

“ती रडली कुठे पण?” त्यांनी नाक पुसत विचारलं. “भरलं घर. दाराला डोळे, भिंतींना कान. रडायला जागा कुठली तिला?”

“ते लिहिलेलं नाही, आई.”

“मग लिहिणारा खुळा! एवढं रडवतो आणि जागा सांगत नाही?”

पट्टी निघाली तेव्हा दृष्टी शाबूत होती. “एवढं रडूनही वाचलात, नशीबवान आहात,” असं डॉक्टर म्हणाले, ते मालकीणबाईंना लागलं. घरी येताच त्यांनी चष्मा चढवला आणि उशाशेजारचं पुस्तक ओढलं. ते पान शोधायचं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं आणि कोरड्या डोळ्यांनी मिटायचं. त्याशिवाय सुनेला तोंड कसं दाखवणार?

शाळा चार बुकांची. अक्षराखाली बोट धरून त्या वाचू लागल्या. घोडा. तलवार. तळघर. पुढचं पान, त्याच्या पुढचं. मध्येमध्ये चित्रं होती, त्यांत मिशाळ पुरुष घोड्यांवर बसलेले. भट्टी कुठे दिसेना, पाव दिसेना. शेवटच्या पानापर्यंत घोडेच दौडत होते. अख्ख्या पुस्तकात बाई म्हणून औषधालाही नव्हती.

आत मोरीचं दार लागलं. नळ धो-धो वाहू लागला.

मालकीणबाईंनी सवयीनं ओरडायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.