दोघींतली लहान

सकाळी दवाखान्यातून इंग्रजीत मेसेज आला. ‘द स्मॉलर बेबी इज आउट ऑफ डेंजर.’ लेकीला जुळ्या मुली होऊन दोन दिवस झाले होते. दोघी काचेच्या पेटीत होत्या. फार रक्त गेल्यामुळे लेक अजून शुद्धीवर आली नव्हती, आणि आत कुणालाच सोडत नव्हते.

"अगं, बाळ वाचलं!" म्हणत आजोबा शेजारी सांगायला निघालेसुद्धा.

आजी मात्र मटकन खुर्चीत बसली. तीस वर्षं तिने शाळेत इंग्रजी शिकवलं होतं.

"थांबा जरा. नुसतं ‘बेबी’ नाही लिहिलेलं, त्याच्या आधी ‘स्मॉलर’ लावलंय. म्हणजे दोघींतली लहान तेवढी वाचली. मग मोठीचं काय?"

"लिहिणाऱ्याने एवढा विचार केला असेल होय?"

"विचार न करता कुणी ‘स्मॉलर’ लिहीत नाही हो."

तिने दवाखान्यात फोन लावला. चार वेळा कुणी उचललाच नाही. पाचव्यांदा नर्सचा आवाज आला. आजीने स्पीकर लावला.

"मोठी... मोठी कशी आहे?"

"मोठी? ती आता पेटीत नाहीये, आजी."

आजोबांनी भिंतीला हात टेकला.

"पहाटेच बाहेर काढली तिला. आईनेच मागून घेतली. कुशीत घेऊन झोपलीय."

आजीने फोन छातीशी घट्ट धरला आणि ती हमसून रडायला लागली. लेकीबद्दल विचारायचा तिला अजून धीरच झाला नव्हता.