सहाव्या सोमवारची काच

डॉक्टर सुरेशचंदांनी लोटनला दंडाला धरून ओढतच सूक्ष्मदर्शकापाशी आणलं. बाहेर बाकावर पंधरा पेशंट ताटकळत होते. डॉक्टरांना त्यांचं भान नव्हतं.

"एक डोळा मीट. काय दिसतं?"

"दोन-तीन जांभळे ठिपके," लोटन म्हणाला.

"त्या पांढऱ्या पेशी, रंग दिल्यानं जांभळ्या दिसतात. शरीराचे पहारेकरी. तुझ्या यशोदाच्या रक्ताची पहिली काच मी स्वतः घेतली, तेव्हा नुसती झुंबड होती. घरच्याच माणसांवर तुटून पडले होते, म्हणून पोरीला ताप, सुजलेले सांधे. आणि आता बघ, कसे शहाण्यासारखे बसलेत."

नऊ वर्षांच्या यशोदाला सोनगीर ते धुळे एस.टी.चे धक्के सोसत नसत. म्हणून डॉक्टरांनी लोटनलाच शिकवलं होतं. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर घेऊन पसरायचा, वाळला की दर सोमवारी ती काच आणायची. शेतकरी गडी, पण हात सफाईचा. सहा सोमवारांत एकही काच वाया गेली नव्हती.

"गुडघानी सूज आजून उतरनी नही," लोटन हळूच म्हणाला.

"रक्त आधी सुधारतं, सांधे मागून. या गोळ्या फार दिवस दिल्या तर हाडं ठिसूळ व्हायची. उद्यापासून बंद." डॉक्टरांचं लक्ष त्याच्या बोटांवरच्या चिंधीकडे गेलं. "शेतात जरा जपून काम कर रे."

लोटन ओशाळं हसला आणि हात धोतराआड नेला.

स्टँडवर त्यानं पोरीसाठी लाल चपला घेतल्या. आनंद पोटात मावत नव्हता. वाटेत शेजारच्या अनोळखी म्हातारीलाही त्यानं दोनदा सांगितलं, पोर बरी झाली.

दारात बायको, ताईबाई, उभीच होती.

"डॉक्टर म्हने, रगत बेस शे. गोळ्या बंद."

ताईबाईनं पदर डोळ्यांना लावला. खाटेवरच्या यशोदानं चपला छातीशी धरल्या. एक घालून पाहिली, पण घोट्याची सूज आड आली.

"हुई जाई," लोटन म्हणाला. "आठ दिनमा पळशी."

यशोदानं त्याचा हात ओढून घेतला आणि चिंधी सोडली. बोटांवर सुईच्या सहा खुणा होत्या. ती त्यांवरून हलकेच बोट फिरवत राहिली.

"दुखस का, आबा?"

"नही, माय. तुन्हा बोटले सुई लावाले हात उठे नही. आनि बाप काय, पोर काय, रगत तं एकच शे."