वेल्डरचं ऑपरेशन

थोरले भाऊजी दवाखान्याचा जिना चढून वर आले तेव्हा वेल्डर कपडे बदलून आत गेला होता, आणि त्याची बायको बाहेरच्या बाकावर त्याचा शर्ट-पँट मांडीवर घेऊन बसली होती.

"कुठंय तो?"

ती उठली. लग्न होऊन आल्यापासून या माणसासमोर ती कधी बसून बोलली नव्हती. खरं तर बोललीच नव्हती. काही सांगायचं असलं की नवऱ्यामार्फत. वर्कशॉप भाऊजींचं, घर भाऊजींचं, घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच.

"आत आहेत," ती म्हणाली.

"बाहेर बोलाव. गाडी खाली उभी आहे. तिकडे आईनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नाही. आमच्या घराण्यात आजवर कुणा पुरुषानं असले चाळे केले नाहीत."

ते दाराकडे निघाले. टेबलामागच्या सिस्टर उठायच्या आत ती दारासमोर जाऊन उभी राहिली होती. कशी, ते तिलाही कळलं नाही. नवऱ्याचे कपडे तिने छातीशी धरले होते.

"सरक तिथून."

"नाही."

एवढासा शब्द, पण बोलून झाल्यावर तिला धाप लागली.

शेजारच्या खोलीत दवाखाना चालवणाऱ्या संस्थेच्या ताई कॉलेजातल्या पोरापोरींचा वर्ग घेत होत्या. भिंतीवर बाईच्या आणि पुरुषाच्या शरीराचे तक्ते लावलेले. तिथला आवाज हळूच बंद झाला.

भाऊजींनी आवाज खाली आणला. खरे रागावले की ते तसंच करत.

"दोन पोरींवर कुणी थांबतं का? आणि थांबायचंच असेल तर घरात बाई आहे ना? बाई असताना पुरुषानं स्वतःवर सुरी चालवून घ्यायची?"

"माझ्यावर दोनदा चालली, भाऊजी. दोन्ही पोरी पोट फाडूनच काढल्या. दुसऱ्या वेळी मी टेबलावर गार पडत चालले होते, तेव्हा तुम्ही बाहेर विचारत होतात, काय झालं म्हणून. मुलगी म्हटल्यावर घरी निघून गेलात." तिचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा वाचणार नाही. आता एकदा यांची पाळी."

पलीकडच्या खोलीत एक पोरगी फिस्सकन हसली आणि कुणीतरी तिला गप्प केलं.

"काका," सिस्टर म्हणाल्या, "इथं सही त्यांची लागते. त्यांनी ती केलीय. तुमची लागत नाही."

भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावजयीच्या डोक्यावरून ते बंद दारावर ओरडले, "अरे ए! ऐकतोयस ना? त्या टेबलावर झोपलास तर उद्यापासून वर्कशॉपची पायरी चढायची नाही. सांगून ठेवतोय!"

तिच्या पाठीमागे दार उघडलं.

वेल्डरच्या अंगात गुडघ्यापर्यंतचा हिरवा झगा होता. नाड्या मागे, त्याही धड बांधलेल्या नाहीत, म्हणून एक हात पाठीशी घट्ट. खाली काटक्यांसारख्या नडग्या, हातांवर ठिणग्यांचे जुने डाग. भावासमोर आला की त्याची नजर जमिनीवर जायची. आत्ताही गेली. 'दादा म्हणतो तर राहू दे' हे वाक्य बायकोने या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की ते आता तिला आधीच ऐकू येऊ लागलं.

"दादा," वेल्डर म्हणाला, "आठवडाभर तसंही मला जड काम करायला मनाई आहे. पायरी चढायचं त्यानंतर बघू."

आणि वळला. वळताना मागचा हात सुटला, आणि जे झाकायचं होतं तेच नेमकं सगळ्या हॉलला दिसलं. भाऊजींनी घाईघाईने मान फिरवली. दाराआडून वेल्डरच्याच हसण्याचा आवाज आला.

"चला रे, जागेवर बसा," पलीकडे ताई म्हणाल्या. "कुठे होतो आपण?"

*

उतरताना वेल्डर एकेक पायरी मोजून टाकत होता. इमारतीच्या मागच्या अंगाला भाऊजींची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. गेले नव्हते.

"बस," ते म्हणाले. "मागच्या गल्लीनं नेतो. असा पाय फाकवून चालताना बाजारानं बघायला नको."

वेल्डरने बायकोकडे पाहिलं. तो बसलाही असता, दुखत होतं.

"सिस्टर म्हणाल्या, थोडं चाललं तर चालतं," ती म्हणाली आणि त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

ती दोघं बाजारपेठेच्या रस्त्याला लागली. भावाला तसाच सोडून घरी जायची भाऊजींना सोय नव्हती. त्यांनीही गाडी दोघांच्या मागे घातली.

सलूनवाला गिऱ्हाइकाचे केस कापता कापता ओरडला, "काय रे, कुठं आपटलास?"

वेल्डरने नुसता हात वर केला.

"नसबंदी करून आलेत," ती म्हणाली. पलीकडच्या फुटपाथलाही ऐकू गेलं.

सलूनमधली कात्री थांबली. गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या डोक्यानिशी दारात आलं. भांड्यांच्या दुकानातल्या दोन बायका एकमेकींकडे बघून काहीतरी पुटपुटल्या, आणि मग तिच्याकडे बघत राहिल्या.

मागून भाऊजी हॉर्नवर हॉर्न वाजवत होते. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दुकानं, गाडी पुढे काढायला जागाच नव्हती. ती नवऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवत, म्हणजे अगदी सावकाश, रस्त्याच्या मधोमध चालत राहिली. तिने वळून पाहिलं नाही, आणि बाजूही दिली नाही.