कानाचंच असणार

बादलीत पहिला ठोकळा पडला, तेव्हा ठमीच्या आईने पर्स छातीशी घट्ट धरली.

"शाब्बास! आवाज आला की असाच टाकायचा," कान तपासणाऱ्या बाई खुणा करत म्हणाल्या. साडेतीन वर्षांच्या ठमीच्या डोक्यावर तिच्या मानाने फारच मोठे हेडफोन होते. खोलीच्या भिंतींना जाड स्पंज, दार फ्रीजच्या दारासारखं जड. बाहेरचं काही म्हणजे काही आत येत नव्हतं. बाई बटण फिरवायच्या, आवाज आणखी बारीक करायच्या, आणि ठोकळा पडायचा.

चार महिन्यांपूर्वी ठमीच्या तोंडाचा पट्टा थांबता थांबत नसे. मग एकेक गळत गेलं. आधी गाणी गेली, मग "का?" गेलं, शेवटी "आई"सुद्धा. हाक मारली तरी वळून बघेना. "सर्दीने कान भरलेत पोरीचे," आजोबा म्हणाले. "कानाचंच असणार," बाबा म्हणाला. वर्षभरात बापलेकांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर.

दाराशेजारी काचेची छोटी खिडकी होती. बाहेर बाकावर ते दोघं बसले होते, समोर बातम्यांचं चॅनल लागलेलं. आजोबांचं बोट टीव्हीकडे. बाबाची मान नकारार्थी हलत होती. मग दोघांचे हात हलायला लागले. ठमीच्या आईला आवाज येत नव्हता, पण यायची गरजही नव्हती. तिला सगळं पाठ होतं.

बाबा म्हणणार, सत्तेवरच्या साहेबांनी देश शेठच्या घशात घातला. आजोबा म्हणणार, शेठ कारखाने काढतो, म्हणून शेकडो घरं चालतात. चॅनलही त्यानेच विकत घेतलंय, म्हणून दिवसभर गोडवे गातायत. आणि तुझ्या त्या मोबाइलवरच्या शहाण्याला कोण पोसतं, ते विचार आधी.

इथपर्यंत रोजचं. पण चार महिन्यांपूर्वी, निवडणुकीच्या निकालाच्या संध्याकाळी आजोबा म्हणाले होते, "मी मेलो तर तोंड बघायला येऊ नकोस." आणि तिचा नवरा म्हणाला होता, "आधी मरा तर खरं." ठमी तेव्हा टेबलाखाली चमचे मांडून खेळत होती. तिने मानही वर केली नव्हती.

ठोकळा पडला.

"हा आवाज तर तुम्हाला-मला यायचा नाही," बाई कौतुकाने म्हणाल्या. "तुम्ही एवढं टेन्शन घेऊ नका हो. पोरगी झकास चाललीय."

"नुसतीच टाकत नसेल ना? खेळ म्हणून?"

बाईंनी आवाज बंद केला. ठमी ठोकळा कानाशी धरून थांबली. बराच वेळ थांबली. हात दुखला असेल, पण टाकला नाही. बाईंनी बारीकसा आवाज सोडला. ठोकळा पडला.

ठमीच्या आईने खिडकीतून बाकाकडे पाहिलं.

मग बाईंनी हेडफोन काढले, टेबलावर चित्रांची कार्डं मांडली आणि तोंडापुढे फाइल धरून कुजबुजल्या, "मासा." ठमीने माशावर बोट ठेवलं. "छत्री." छत्रीवर. "चेंडू." चेंडूवर. "आजोबा."

ठमीने पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्याचं कार्ड शोधलं आणि पालथं घातलं.

"बाबा."

तेही पालथं घातलं.

बाईंनी कागदावर दोन्हींपुढे बरोबरची खूण केली. शब्द ऐकू आला होता. त्यांना तेवढंच बघायचं होतं.

दार उघडलं तसा बाहेरचा गलका आत घुसला. "विकली गेलेली माणसं आहेत सगळी!" "आणि तुम्ही? तुम्ही तर फुकटात गेलात!" बाईंना बघून दोघं झटकन उभे राहिले.

"कान ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या. "ती बोलत का नाही, ते आता दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पण कानाचा दोष नाही."

आजोबांचे डोळे भरून आले. "माझी ठमाबाई!" म्हणत त्यांनी नातीला उचललं. बाबाने तिचे गालगुच्चे घेतले, हसला, आणि नकळत वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. ठमी लाकडासारखी ताठ बसून होती.

"चला, एक मोठी काळजी मिटली," बाबा म्हणाला.

"तरी मी म्हणतच होतो."

"तुम्ही? तुम्ही तर सर्दी म्हणत होतात. चॅनलवाल्या डॉक्टरने सांगितलं असेल!"

"हे बघ, त्या चॅनलला नावं ठेवायची नाहीत."

लिफ्टपर्यंत पोचेतो दोघांचे आवाज चांगलेच चढले होते. आजोबांच्या खांद्यावरून ठमी मागे बघत होती.

तिची आई अजून खोलीतच होती. बाईंनी रिपोर्ट पुढे केला आणि त्या चमकल्या.

"अहो, रडताय काय? आनंदाची बातमी आहे ही."

"चार महिने मी एवढ्याच आशेवर होते हो," ती म्हणाली, "की हिला काही ऐकूच गेलं नसेल."